चावीचा पंखा : शटरच्या स्प्रिंगवर अर्धा तास वारा मिळेल का?

उद्यमनगरी

मंडळी, नवा उद्योग काढलाय. मळ्यातल्या खोलीला लाईट असून नसल्यासारखी आहे. वळीव आला की पहिल्या गडगडाटाला जाते, परत कधी येईल त्याचा नेम नाही. आमचे आबा तिथंच झोपतात, घरी चला म्हटलं की विषय बदलतात. चार्जिंगचा पंखा दिला होता. दोन उन्हाळ्यांत त्याची बॅटरी बसली, आणि बरी होती तेव्हाही लाईट असताना तो लावून ठेवायची आठवण कुणाला व्हायची?

म्हणून डोक्यात आलंय की चावीचा पंखा करावा. चावी द्यायची, गुंडाळलेली पट्टी स्प्रिंग सुटत जाईल, गिअरमधून पात्यांना वेग मिळेल. लेथ घरचं आहे, गिअर हॉबिंग, म्हणजे गिअरचे दाते कापायचं काम, शेजारच्या गल्लीत होतं. लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात ग्रामोफोनची एक मोटर मिळाली. तिचा गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारा भाग, काढून पुठ्ठ्याची पाती लावून बघितली. फिरतंय झकास. वारा हाताला लागतो, अंगाला लागत नाही.

स्प्रिंग किती मोठी घ्यावी आणि अर्धा तास चालेल का, एवढं सांगा. 'दुसरी बॅटरी टाक' हे सांगायला कृपया येऊ नका.

तांबडा_पांढरा

नाद खुळा! पण अर्ध्या तासानं चावी संपली की आबा उठणार का तुला फोन करणार? वाचतोय.

सांगलीवाला

कोल्हापूरकरांना वारा सुद्धा पिळून काढावा लागतो हे बघून बरं वाटलं. दुसरी बॅटरी टाका.

निवृत्त_मास्तर

सांगलीवाल्यांकडे दुर्लक्ष करून आधी हिशेब करू. यात हिशेबाशिवाय लेथला हात लावायचा नाही.

हवेला वेग द्यायला लागणारी शक्ती म्हणजे अर्धा गुणिले हवेची घनता, गुणिले पात्यांनी व्यापलेलं क्षेत्रफळ, गुणिले वेगाचा घन. आपल्या उंचीला आणि उन्हाळ्याच्या तापमानाला घनता १.१ धरा. ४० सेंमी व्यासाचा टेबल फॅन, म्हणजे क्षेत्रफळ ०.१२६ चौरस मीटर. वारा सेकंदाला ३ मीटर हवा असेल तर १.९ वॅट लागतात. साधी पत्र्याची पाती दिलेल्या शक्तीतली तिसरा हिस्सा ते ४० टक्के एवढीच हवेला देतात, म्हणजे पंख्याच्या दांड्यावर सुमारे ५ वॅट हवेत. अर्ध्या तासाचे १८०० सेकंद, म्हणून ९००० ज्यूल.

आता स्प्रिंगमध्ये किती मावतं? चपट्या पट्टीच्या गुंडाळलेल्या स्प्रिंगला दर घनफळामागे ताणाचा वर्ग भागिले सहा पट यंग गुणांक (धातू किती ताठ आहे ते सांगणारा आकडा), एवढी ऊर्जा साठते. चांगलं स्प्रिंग स्टील १२०० मेगापास्कलपर्यंत ताणलं तर किलोमागे साधारण १५० ज्यूल येतात. म्हणजे तुमच्या अर्ध्या तासाला साठ किलो स्प्रिंग, आणि गिअरमधली गळती धरली तर सत्तर.

यातली गंमत बघा. हातानं चावी देताना माणूस सहज ३० वॅट काढतो. ९००० ज्यूल भरायला पाच मिनिटं पुरतात. म्हणजे हाताची ताकद कमी पडत नाही, ती ठेवायला जागा कमी पडते. तुमचा प्रश्न पंख्याचा नाही, कोठाराचा आहे.

बॅटरीबद्दल बोलायचं नाही म्हणालात, पण आकडा सांगितल्याशिवाय राहवत नाही. २५०० मिलिअँपिअर-तासाच्या एका लिथियम सेलमध्ये ९ वॅट-तास, म्हणजे ३२,४०० ज्यूल. वजन पन्नास ग्रॅमच्या आत. तेवढ्यासाठी स्प्रिंग दोनशे किलोच्या वर लागेल.

सांगलीवाला

मी काय म्हणत होतो?

उद्यमनगरी

मास्तर, सत्तर किलो ऐकून चहा गार झाला. पण मग ग्रामोफोन कसा चालायचा? पाव किलोची स्प्रिंग असेल आत.

निवृत्त_मास्तर

तबकडी फिरवायला आणि सुईचं घर्षण सोसायला फार थोडी शक्ती लागते. वर १० इंची तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांची. ती संपली की माणूस उठून चावी द्यायचाच. अर्ध्या तासाचं वचन ग्रामोफोननं कधी दिलंच नव्हतं.

घड्याळदुरुस्ती

आमच्या घरात तीन पिढ्या घड्याळं उघडण्यात गेल्या, म्हणून थोडं बोलतो.

टोल देणारं भिंतीवरचं घड्याळ उघडून बघा. टोलाच्या गिअरच्या शेवटी पितळेच्या पत्र्याचं एक छोटं पातं गरगर फिरतं. टोल भराभर पडू नयेत म्हणून हवेला अडवणारा तो ब्रेक. कमानीतली, म्हणजे स्प्रिंगमधली, जादाची ताकद तो हवेत उडवून टाकतो. म्हणजे तुम्हाला जे करायचंय ते घड्याळात आधीपासून आहे, फक्त तिथं ते वाया घालवण्यासाठी आहे. तुम्ही घंटा काढून टाका आणि पातं मोठं करा, झाला चावीचा पंखा.

त्यामुळं वेगळा गव्हर्नर लावू नका, काढलात ते बरं केलंत. ग्रामोफोनचा गव्हर्नर म्हणजे फिरणारी वजनं बाहेर फाकून आतल्या एका चकतीला चामड्याच्या गादीवर घासतात. ते घर्षण म्हणजे तुमचा गेलेला वारा. पात्यांना लागणारं बळ वेगाच्या वर्गानं वाढतं, त्यामुळं पंखा स्वतःच स्वतःला आवरतो. कमान निम्मी ढिली झाली तरी वेग निम्मा होत नाही, सत्तर टक्क्यांवर राहतो.

दुसरं. कमानीचे सगळे फेरे वापरायचे नाहीत. पहिले एक-दोन फार कडक, शेवटचे एक-दोन मेलेले. मधलेच घ्यायचे आणि दोन्ही टोकांना अडकाठी ठेवायची. जुन्या घड्याळांत यासाठी शंकूसारखी, चढत्या व्यासाची पुली असायची. कमान कडक असताना साखळी लहान व्यासावर ओढायची, ढिली झाली की मोठ्या. पंख्याला एवढा नखरा नको.

शटरवाला_भावा

घरात कमान बसवायची म्हणताय तर शटरची स्प्रिंग घ्या. उद्यमनगरात पाहिजे तेवढ्या मिळतील. मास्तरांच्या हिशेबाला आमच्या धंद्याची साक्ष देतो. दुकानाचं पत्र्याचं शटर साधारण ६० किलो, उंची अडीच मीटर. खाली असताना त्याचा मध्य वरच्या पाईपपासून सव्वा मीटर खाली. ते एका हातानं वर जातं ते आतल्या स्प्रिंगांमुळं. ६० गुणिले ९.८ गुणिले सव्वा, म्हणजे ७३५ ज्यूल. तीन स्प्रिंगा असतील तर एकीकडं २४५. आणि एकेकीचं वजन दीड-दोन किलोच्या घरात भरतं. बसला का मास्तर तुमचा आकडा?

पण भावा, एक ऐक. स्प्रिंग डब्याबाहेर काढून हातात नाचवायची नाही. गुंडाळलेली पट्टी सुटली की बोटं घेऊन जाते, आमच्या लायनीत अशी बोटं गेलेली माणसं हायत. डब्यातच ठेवायची, झाकण वेल्डिंग न करता चार बोल्टवर बसवायचं, आतलं टोक पाईपच्या खाचेत नीट अडकलंय का ते चावी द्यायच्या आधी बघायचं. हातमोजे आणि चष्मा. यात शूरपणा नको.

वारणाकाठ

मी सध्या नोकरीनिमित्त बाहेर आहे, पण माझं काम उत्पादनांच्या डिझाइनचंच, म्हणून लिहिते.

सगळे स्प्रिंग मोठी करायच्या मागे लागलेत. मागणी कमी करा की! मास्तरांच्या सूत्रात वेगाचा घन आहे. वारा ३ ऐवजी १ मीटरवर आणला तर तेवढ्याच पात्यांना शक्ती सत्ताविसाव्या हिश्श्यावर येते. आणि झोपलेल्या माणसाला ३ मीटरचा झोत हवाय कशाला? अंगावरून सेकंदाला पाऊण-एक मीटर हवा सरकत राहिली तरी तापमान दोन-तीन अंश उतरल्यासारखं वाटतं.

म्हणून टेबल फॅन विसरा. मोठी पाती, सावकाश फिरणारी. भंगारातून ४८ इंची सीलिंग फॅनची पाती आणा. हा पंखा पूर्ण वेगात, ३५० फेऱ्यांना, चांगल्या बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या) मोटरवर ३० वॅटच्या आसपास घेतो. घनाच्या नियमानं १०० फेऱ्यांना पाऊण वॅटच्याही आत येतो. व्यापलेलं क्षेत्र सव्वा चौरस मीटरच्या जवळ, त्यामुळं एवढ्याशा शक्तीत सुद्धा खाटेवर पाऊण मीटरच्या आसपास वारा येईल.

उद्यमनगरी

वारणाकाठ, हे भारी आहे. म्हणजे पाऊण वॅट गुणिले १८०० सेकंद, साडेतेराशे ज्यूल. गिअरची गळती धरून सोळाशे. शटरच्या सात स्प्रिंगा! सत्तर किलोवरून बारा-चौदा किलोवर आलो की. आता हे होण्यासारखं वाटतंय.

तांबडा_पांढरा

सात स्प्रिंगा म्हणजे आबांच्या डोक्यावर अडीच दुकानांची शटरं. लई भारी.

निवृत्त_मास्तर

वारणाकाठ यांना +१. या वाटेवरून आधी कोण गेलंय तेही सांगतो. १९९० च्या दशकात ट्रेव्हर बेलिस या इंग्रज संशोधकाचा चावीचा रेडिओ आला. वीज नाही आणि सेल परवडत नाहीत अशा आफ्रिकेतल्या खेड्यांसाठी. पट्टी एका ढोलावरून दुसऱ्यावर जायची, त्यामुळं बळ शेवटपर्यंत जवळजवळ सारखं राहायचं. अर्धा-पाऊण मिनिट चावी दिली की अर्धा तास रेडिओ. पण रेडिओला वॅटचा छोटा अंश पुरतो. आणि पुढच्या मॉडेलांत तीच स्प्रिंग काढून तिथं चार्जिंगची बॅटरी आली.

पंख्यांचंही तसंच. विजेच्या आधी चावीचे छोटे पंखे होते, पण बहुतेक जेवणाच्या टेबलावरच्या माश्या हाकलायला. खोलीला वारा हवा असेल तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉकेलच्या दिव्यावर चालणारे हॉट एअर इंजिनाचे पंखे मिळायचे, आपल्याकडंही विकले जायचे. कारण मी म्हटलं तेच. रॉकेल हे कोठार स्प्रिंगपेक्षा कितीतरी मोठं.

सांगलीवाला

आता चेष्टा बाजूला ठेवून विचारतो. स्प्रिंगच पाहिजे हा हट्ट का? पंखा मळ्यातल्या खोलीत टांगून ठेवणार, तो कुठं उचलून न्यायचाय? मग वाळूचं पोतं टांगा. मास्तरांच्याच भाषेत, ५० किलो तीन मीटर वर चढवलं की १४७० ज्यूल. शटरच्या सहा स्प्रिंगा एका पोत्यात. वाळूला गंज नाही, थकवा नाही, आणि ओढ पहिल्या मिनिटाला जेवढी तेवढीच शेवटच्या.

घड्याळदुरुस्ती

सांगलीवाले योग्य बोलले हे लिहायला जीव जड होतोय, पण बोलले. मोठी घड्याळं मनोऱ्यांत बसवायचे त्याचं एक कारण हेच, वजनाला उतरायला जागा मिळते. टेबलावर ठेवायचं किंवा खिशात घालायचं झालं तेव्हा कमान आली. कमान ही जागेसाठी केलेली तडजोड आहे.

उद्यमनगरी

मन मानत नाही हो. चावीचा म्हणून सुरू केलं आणि पोत्यावर आलो. पण खोलीचं आढं उंच आहे, माळ्याच्या तुळईपासून जमिनीपर्यंत साडेतीन मीटर सहज निघतील. कागदावर मांडून बघतो.

१०० फेरे गुणिले ३० मिनिटं, पात्यांचे ३००० फेरे. ढोल १० सेंमी व्यासाचा धरला तर तीन मीटर दोराला साडेनऊ फेरे. गुणोत्तर ३१५ च्या आसपास. पहिले दोन टप्पे सायकलच्या चेनवर, ४८ दात्यांवरून १६ वर, दोनदा, म्हणजे ९. पुढं दोन गिअर जोड्या सहास एक. ९ गुणिले ३६, ३२४. जमतंय.

ढोलावर पीळ साडेचोवीस न्यूटन-मीटर येतो. हँडल पाव मीटरचं केलं तर हाताला दहा किलोचं ओझं, साडेनऊ फेरे. आबा विहिरीचं पाणी यापेक्षा जोरात ओढतात.

वारणाकाठ

पहिल्या टप्प्याला चेन घेतलीत ते चांगलं. जिथं बळ जास्त आणि वेग कमी तिथं चेनसारखी कार्यक्षम गोष्ट नाही, वर स्वस्त. शेवटच्या जोडीला मात्र स्टीलवर स्टील नको. रात्री शांत खोलीत सरळ दात्यांचं स्टील किणकिणत राहतं आणि माणूस वारा सोडून तेच ऐकत बसतो. लहान पिनियन स्टीलचं, मोठं चाक कास्ट नायलॉनचं करा.

पात्यांचा कोनही वाढवा. सीलिंग फॅनची पाती ३५० फेऱ्यांच्या हिशेबानं थोडीच कललेली असतात. १०० फेऱ्यांना ती आणखी पिळलेली चालतील, मुळाशी जास्त आणि टोकाशी कमी. किती, ते करून बघूनच ठरेल. कोन वाढला की फेरे कमी होतील, पोतं सावकाश उतरेल. वारा आणि वेळ यांचा मेळ तिथंच घालता येईल, गिअर न बदलता.

शटरवाला_भावा

पोत्याचं बरं वाटतंय, पण त्येला बी सुटायची खोड हाय. चेन तुटली किंवा पातं निसटलं तर अडवायला काहीच नाही, ५० किलो धाडकन खाली. खाली आबांची खाट नको. कोपऱ्यात ८ इंची पीव्हीसी पाईप उभा करा, वजन त्याच्या आतूनच उतरूद्या. त्यात पोतं फसतं, लोखंडी तुकडे भरलेली लांबडी नळी करा. बुडाशी जुना टायर कापून टाका. आणि रॅचेटला, म्हणजे एकाच दिशेनं फिरू देणाऱ्या दातेरी चाकाला, खिट्टी एक नको, दोन. चावी देताना हँडल हातातून सुटलं तर उलटं फिरून मनगट मोडतं.

तांबडा_पांढरा

वारा खायला एवढी तालीम. आबांना आखाड्यातच नेऊन झोपवा, मोकळी हवा आहे.

उद्यमनगरी

नळी आणि टायर पक्कं. खिट्ट्या दोन करतो, त्याही अर्ध्या दात्यानं मागं-पुढं ठेवून, म्हणजे हँडल सुटलं तरी जास्त मागं जाणार नाही.

आता राहिलं बेअरिंग. माझ्याकडं ६०८ नंबरच्या छोट्या बेअरिंगांचा डबा भरलेला आहे, तेच सगळीकडं टाकू का?

घड्याळदुरुस्ती

ढोलाला टाका, शेवटच्या दांड्याला तसंच टाकू नका. हिशेब बघा. १०० फेऱ्यांना पाऊण वॅट म्हणजे दांड्यावर जेमतेम ०.०७ न्यूटन-मीटर. रबरी सील आणि आतलं घट्ट ग्रीस यातला चांगला वाटा खाऊन टाकतं. सील सुईनं काढा, रॉकेलमध्ये धुऊन ग्रीस घालवा, आणि शिलाई मशीनचं तेल दोन थेंब. खोलीत धूळ आहे म्हणून वरून पत्र्याची टोपी बसवा, सील परत लावू नका. पात्यांचं सगळं वजन ज्यावर येतं ते खालचं बेअरिंग थ्रस्टचं, म्हणजे दांड्याच्या दिशेनं येणारा भार सोसणारं, घेतलंत तर बरं.

गिअरच्या दात्यांना ग्रीस अजिबात नको. थंडीत ते घट्ट होतं आणि पंखा सुरूच होत नाही.

सांगलीवाला

थंडीत पंखा कशाला लावतील आबा?

घड्याळदुरुस्ती

पहाटे चार वाजता मळ्यात कधी झोपलाय का? मे महिन्यात सुद्धा वळीव पडून गेला की गारठतं.

निवृत्त_मास्तर

एक सूचना. ५० किलोनं सुरुवात करू नका. आधी १५ किलो लावून पाती हलतात का आणि किती फेऱ्यांवर स्थिरावतात ते मोजा. मग ३०, मग ५०. वजन दुप्पट केलं तर फेरे साधारण १.४ पट व्हायला हवेत. त्याहून बरेच जास्त वाढले तर समजा की कमी वजनाला घर्षणच जास्त खात होतं. कुठल्या टप्प्यात, ते चेन एकेक काढून शोधता येईल.

उद्यमनगरी

करतो मास्तर. ढोल उद्या टर्निंगला लावतोय, पाती भंगारवाल्याकडून दोन सेट घेऊन ठेवलीत. शटरची एक स्प्रिंग मात्र मी आणणारच. ६० सेंमीची पाती, तीच एक स्प्रिंग, दहा मिनिटांत संपली तरी चालेल, ती माझ्या वर्कशॉपच्या टेबलावर राहील. शटरवाला भावा, झाकणाला बोल्ट किती एमएमचे?

शटरवाला_भावा

८ चे, चार. आणि डबा पत्र्याचा नको, पाईपचा तुकडा कापून घे, भिंत कमीत कमी ४ एमएम. उघडायच्या आधी मला फोटो टाक.